पहिली दहा पावलं

महाराष्ट्र राज्य होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. देऊळगाव राजाच्या ठाण्यातला शिपाई रंगराव तेव्हा जिल्ह्यातल्या पोलिसांत शंभर मीटरच्या शर्यतीत पहिला यायचा. सुटायच्या आधी खुरप्याने मातीत पायांपुरते दोन खड्डे करायचे, त्यांत चवडे रोवून वाकायचं, आणि बार झाला की उसळून निघायचं. पहिली दहा पावलं त्याला जमीन लागायची नाही. ती दहा पावलं त्याला नोकरीहून प्यारी होती.

नागपूरला सगळ्या जिल्ह्यांच्या पोलिसांच्या सामन्यांत मात्र तो हरला. अर्ध्याच्या पुढे दम तुटला आणि दोघं त्याला मागे टाकून गेले.

त्याच ठाण्यात बीबी गावचा पुंजाजी शिपाई होता. हा लांबच्या दौडीचा गडी. शेतं, त्यांच्या बांधांचे धुरे, नाले तुडवत मैलोगणती धावायचा आणि परत आल्यावर निवांत चहा मागायचा.

"तुहा दम कच्चा हाये बे," पुंजाजी म्हणाला. "हिवाळाभर माह्यासंगं चाल."

"माही शर्यत तं चुटकीत संपते."

"मंग चुटकीभर दम तं लागतेच ना?"

रंगरावला हे पटलं. पटण्यासारखंच होतं.

रोज पहाटे दोघं खडकपूर्णेच्या पात्रापर्यंत जायचे आणि तुरीच्या शेतांमधून परत यायचे. सुरुवातीला रंगराव बरगडी धरून थांबायचा. संक्रांतीपर्यंत तो पुंजाजीच्या खांद्याला खांदा लावून धावू लागला, वर गप्पाही मारू लागला. परतताना गाव दिसलं की तो पुंजाजीला डिवचायचा, "आता पकड मले." मग शेवटच्या टप्प्यात दोघांचा जीव खाऊन पाठलाग चालायचा. पुंजाजी शिव्या देत हरायचा.

रंगरावची बायको सोजराबाई एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "पहिले तुमी दारातून धाडकन आले का भांडे वाजायचे. आता कवा येता ते समजतच नाही."

"चांगलंच हाय ना मंग."

"म्या कुठं वाईट म्हनलं?"

माघात रंगरावने शाळेच्या मैदानावर पुन्हा खड्डे केले. गंमत म्हणून पुंजाजी शेजारी उभा राहिला. त्यानेच टाळी वाजवली. रंगरावने मागे लाथ मारली, पण जेवून पाटावरून उठावं तसं अंग सावकाश वर आलं. निम्म्या मैदानापर्यंत पुंजाजी त्याच्या बरोबरीने होता. पुंजाजी हसला, मग त्याच्या तोंडाकडे पाहून त्याने हसू आवरलं.

"काय झालं बे माहं?"

"दम तं आला ना तुले?"

"दम आला. ज्याच्यासाठी आनला तेच गेलं."

जिल्ह्याच्या सामन्यांना महिना होता. रंगरावने नदीची वाट सोडली. तो एकटाच मैदानावर छोट्या धावा काढायचा, बसायचा, पुन्हा काढायचा. थोडी उसळी परत आली, सगळी नाही. पहाटे धुऱ्यावरून एकटा जाणारा पुंजाजी त्याला दिसायचा. त्या वाटेचीही आता आठवण यावी, याचा त्याला राग यायचा.

बुलडाण्याला शंभर मीटरमध्ये तो सुटतानाच मागे पडला. शेवटी सगळ्यांच्या पाठीला लागला, पण तोवर फीत तुटली होती. तिसरा आला. नागपूरला पहिले दोघंच जाणार होते.

दुपारी लांबच्या दौडीत पुंजाजीने मैदानात शिरल्यावर असा वेग घेतला, की दरवर्षी त्याला हरवणारा मलकापूरचा शिपाई बघतच राहिला. पुंजाजी हसत रंगरावकडे आला आणि दोन पावलांवर थबकला.

"त्या पाठलागानंच जिंकलो बे मी," तो खाली पाहत म्हणाला.

"पाह्यलं ना मी."

संघ बघणाऱ्या माणिकराव जमादारांनी रंगरावला बोलावलं. "चारशेत धाव. वेगही आहे, दमही आहे. तुझी शर्यत तीच."

तो संध्याकाळी चारशे मीटर धावला आणि सहज जिंकला. जमादारांनी पाठ थोपटली. "आता नागपूरपर्यंत पुंजाजीसोबतची दौड सोडायची नाही. शंभर मीटर डोक्यातून काढ."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुंजाजीने दाराशी हाक मारली. रंगराव निघाला. तुरी कापून झाल्या होत्या. रानात नुसती खुंटं उरली होती.

"परत येईल का रे ती उसळी?" रंगरावने विचारलं.

पुंजाजीने धावता धावता मान हलवली. "मले नाही वाटत. अशी रोज दौड केली तं नाहीच."

रंगराव थांबला नाही. नदीचं पात्र आलं, तसा तो वळला आणि परतीला लागला. त्याला धाप लागली नव्हती. पूर्वीसारखी ती लागावी, असं त्याला फार वाटत होतं.