माझ्यावर एकच नाव लिहिलं गेलं

मी एक जुनी दगडी पाटी आहे. मित्रांनो, तुमच्या दप्तरात आता माझ्यासारखं कुणी नसेल. हवालदार कडुबांनी मला सोयगावच्या बाजारातून त्यांच्या लेकीसाठी, श्रेयासाठी आणलं. तिनं माझ्यावर अक्षरं गिरवली. ती मोठी झाली, माझी चौकट खिळखिळी झाली, आणि कडुबांनी मला शहरातल्या पोलीस चौकीत नेलं. तिथं पकडलेल्याचं नाव माझ्यावर लिहितात, मला त्याच्या छातीशी धरायला लावतात आणि फोटो काढतात.

सार्थक आणि राजकुमार दोघंही दहावीत होते. पुंडलिकनगरात किल्लीसकट उभी असलेली स्कूटी त्यांनी चिकलठाण्यापर्यंत फिरवली. पेट्रोल संपलं, सापडले.

सार्थकचे वडील आले. चहा झाला. "पोरांची मस्ती हो," ते म्हणाले. मस्तीच होती.

राजकुमारची आई मुक्ताबाई हातातली धुणीभांडी टाकून धावत आली. "साहेब, गाडी तर त्या दुसऱ्यानं चालवली!"

"बाई, वस्ती कोणती तुमची?"

तिनं सांगितलं. कडुबांनी खडू उचलला.

राजकुमार. स्कूटी चोरी.
(फोटो झाला. पुसलं.)

ज्याचा फोटो निघाला, त्याचं नाव चौकीच्या यादीत जातं; सण आला की बंदोबस्ताआधी यादीतल्या पोरांना बोलवायची इथली रीत.

"मी काय बी केलं नाय, साहेब."

"म्हणूनच बोलावलं. करू नये म्हणून."

राजकुमार.
(पुसलं.)
राजकुमार.
(पुसलं.)

एकोणिसाव्या वर्षी त्याला चिकलठाण्याच्या कारखान्यात काम लागलं. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा हवा होता. इस्त्रीचा शर्ट घालून तो पहिल्यांदाच आपणहून चौकीत आला.

"यादीत नाव हाय की रं तुझं," कडुबा म्हणाले.

"तुम्हीच टाकलं ना, साहेब?"

"व्हय. म्हणून तर पक्कं माहीत हाय."

त्याच आठवड्यात सार्थकच्या पासपोर्टची चौकशी आली. 'मुलगा सरळमार्गी' असा शेरा घेऊन गेली.

दोन महिन्यांनी त्या कारखान्याच्या गोदामाचं कुलूप तुटलं. या वेळी राजकुमारनं खरंच तोडलं होतं.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" कडुबा चौकीभर सांगत सुटले. लई खूश होते. मग खडू शोधू लागले.

खडू राजकुमारच्या हातात होता. त्यानं स्वतःच आपलं नाव लिहिलं, वळणदार, काना-मात्रा नीट. श्रेयानंतर इतकं सुंदर अक्षर माझ्यावर पडलं नव्हतं. कुणी न सांगता त्यानं मला छातीशी धरलं, हनुवटी वर केली आणि विचारलं, "असंच ना, साहेब?"

मित्रांनो, मला पुसायला ओला फडका पुरतो. कुणाचं नाव लिहायला घ्याल, तेव्हा त्याच्या शेजारी कोण उभं होतं तेही एकदा बघा. मी बघितलं होतं. पण मला कोण विचारतं?

राजकुमार.
(अजून कुणी पुसलेलं नाही.)