वैभवीचा सहावा जॉब

मी वैभवीचा जॉब बोलतोय. जॉब म्हणजे नोकरी समजू नका. दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत शेकडो संगणक एकमेकांना जोडून ठेवलेत, त्याला तिथे क्लस्टर म्हणतात, आणि त्यावर सोडवायला दिलेलं एकेक मोठं गणित म्हणजे एकेक जॉब. तुमच्याकडे बाळाला नाव ठेवतात, आम्हाला नंबर मिळतो. माझा ७१८४४६. असले नंबर कुणी लक्षात ठेवत नाही. वैभवीने माझा पाठ केला होता.

ही मूळची हिंगोलीची. दिल्लीच्या मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहून सहा वर्षं पीएचडी करत होती. हिवाळ्यात दिल्लीवर जो धूर बसतो तो कुठून येतो आणि नेमका कुठे अडतो, हा तिचा विषय. पाच जॉब झाले होते, पाच प्रकरणं लिहून झाली होती. सहावं, सगळ्यात महत्त्वाचं, माझ्यावर अवलंबून होतं. प्रबंध जमा करायची मुदत एकतीस ऑक्टोबर. दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी तिने काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि मी जन्मलो. जन्मलो तो थेट रांगेतच. माझ्यापुढे एकशे बारा जण होते. कुणी मोठे, कुणी चिमुकले, काही तर चुकून पाठवलेले आणि मालक विसरून गेलेले.

रांग बघायची एक कमांड असते. वैभवी ती दर दहा मिनिटांनी टाइप करायची. बघितल्याने रांग पुढे सरकत नाही हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं, तरी डब्यातल्या पोळीचा घास एका हातात आणि दुसऱ्या हाताने कमांड, असं चालायचं. माणसं दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभी राहतात ना, तशी. मला त्याचा त्रास नव्हता. कुणी आपली इतकी चौकशी करतंय हे बरं वाटायचं.

आता माझ्या कुळाचं सांगतो. जॉबसोबत एक चिठ्ठी जोडलेली असते, तिला स्क्रिप्ट म्हणतात. किती संगणक हवेत, किती दिवस हवेत, सुरू झाल्यावर, वेळ संपत आल्यावर, मेल्यावर कुणाला मेल पाठवायचा, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ही चिठ्ठी कुणी नव्याने लिहीत नाही. सीनियरकडून ज्युनियरकडे ती लग्नातल्या पैठणीसारखी येते. वैभवीची आली होती जयदीपकडून.

जयदीप तिचा सीनियर. दिल्लीतच, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला, मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरणारा. दोघांचं लग्न ठरल्यात जमा होतं. मग त्याने पीएचडी अर्धी टाकून गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरी धरली आणि जाताना तिला म्हणाला, "तू कब तक रांगेत उभी राहणार, यार?" ते तिच्या जिव्हारी लागलं. तिने त्याचा नंबर ब्लॉक केला, त्याचे मेल ब्लॉक केले. स्क्रिप्ट मात्र त्याचीच राहिली. मेल कुणाला जावा त्या ओळीत त्याचाच पत्ता होता. वैभवीला आमचे मेल कधी आलेच नाहीत, आणि या क्लस्टरवर ती सोयच बंद असावी असं ती धरून चालली. दोन वर्षं आमची सुखदुःखं जयदीपच्या फोनवर जात राहिली.

सतरा दिवसांनी, शुक्रवारी दुपारी तीन चाळीसला माझा नंबर लागला. वैभवी खुर्चीतून उठली, शेजारी कुणी नव्हतं म्हणून स्वतःशीच हसली आणि घरी फोन करून म्हणाली, "आई, सुरू झालं गं." मी जीव तोडून कामाला लागलो.

पण चिठ्ठीतच घोळ होता. वैभवीकडे तिच्या दोन फाइली होत्या, 'फायनल' आणि 'फायनल खरंच'. चौदा दिवस लिहिलेली दुसरी. पाठवली गेली पहिली, आणि तिच्यात दहाच दिवस होते. रांगेची कमांड किती वेळ झाला ते दाखवते, किती उरला ते विचारावं लागतं, आणि तिला विचारायचं कारण नव्हतं. मध्येमध्ये काम जपून ठेवायची ओळही तिने काढली होती, कारण क्लस्टर सांभाळणाऱ्या मानसने डिस्क भरल्याचा मेल सगळ्यांना पाठवला होता. सांगितलेलं ऐकणारी मुलगी ती.

मला सगळं दिसत होतं आणि तोंड नव्हतं. मला बोलायला एकच वाट होती, मेलची. आठव्या दिवशी, शनिवारी, मी कळवलं: ऐंशी टक्के वेळ संपला. रविवारी पुन्हा: नव्वद टक्के. दोन्ही गुरुग्रामला पोचले.

सोमवारी दुपारी तीन वीसला जयदीप धापा टाकत लॅबमध्ये आला. वैभवी त्याच्याकडे बघतच राहिली.

"तू इथे कसा?"

"तुझा जॉब मरणार आहे, वैभवी. तीन चाळीसला. दहाच दिवस मागितलेस तू."

"काहीतरीच. चौदा लिहिलेत मी." पण तिने कमांड टाइप केली. उरलेला वेळ: एकोणीस मिनिटं.

आमच्याकडे एक विचित्र नियम आहे. मालकाला आपल्या जॉबचा वेळ कमी करता येतो, वाढवता येत नाही. ते फक्त मानसच्या हातात. तरी तिने वाढवायची कमांड देऊन पाहिली. परवानगी नाही. पुन्हा दिली. परवानगी नाही. तिने मानसला फोन लावला. तो दिवाळीला पाटण्याला निघालेला.

"मॅडम, मैं ट्रेन में हूँ. लॅपटॉप खोलता हूँ, पाँच मिनट."

पाच मिनिटांची दहा झाली. "लॉगिन नहीं हो रहा, मॅडम, नेटवर्क आ-जा रहा है." मग फोनच कटला. वैभवी रडत नव्हती. ती नुसती उरलेली मिनिटं बघत होती, आणि मी जितकं पुढे जाता येईल तितकं जात होतो. वेडेपणाच, चार दिवसांचं काम कुठं चार मिनिटांत होतं! पण थांबवेना.

तीन चाळीसला मला मारलं. दहा दिवसांचं सगळं माझ्यासोबत गेलं.

त्याच क्षणी जयदीपच्या खिशात फोन थरथरला. तिने हात पुढे केला. "दाखव."

माझा शेवटचा मेल तिने वाचला. मग वरचे वाचत गेली. पहिला जॉब, दुसरा, मधले चाचणीचे कितीतरी छोटे जॉब, ती अपयशी ठरली ते दिवस, तिने मध्येच रद्द केलेले. तीनशे नऊ मेल, एकही पुसलेला नाही.

"शनिवारी कळलं होतं तुला."

"हो. तुझे आधीचे पाचही मोठे जॉब तेरा दिवसांच्या वर गेले होते, हा दहातच मरणार हे मला लगेच समजलं. फोन ब्लॉक होता... लॅबमध्ये करू शकत होतो. पण मला कसं कळलं, हे सांगावं लागलं असतं."

"दोन वर्षांत एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू ती ओळ बदलली असतीस."

मुदतीला अठरा दिवस होते. सतरा दिवसांची रांग आणि चौदा दिवसांचं काम कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. तिने माझी स्क्रिप्ट उघडली आणि त्याच्यासमोर त्याचा पत्ता एकेक अक्षर करून पुसला. नवा जॉब पाठवायचा नसतानाही तिथे स्वतःचा लिहिला आणि फाइल सेव्ह केली. जयदीप जिना उतरून गेला.

प्रबंध पाच प्रकरणांचा जमा झाला. मी आता नोंदवहीतली एक ओळ आहे: नंबर, वैभवीचं नाव, आणि 'वेळ संपली'. धूर कुठे अडतो ते मला जवळजवळ कळलं होतं, आणि ते तिला कधीच कळणार नाही, याने माझा जीव अजून तुटतो.

माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. कुणाचं वाईट होताना तुम्हाला दिसलं, तर आपल्याला कसं दिसलं याची लाज धरून बसू नका. भीड ही भिकेची बहीण. मला तोंड नव्हतं हो. त्याला होतं, आणि त्याच्यापाशी पुरते दोन दिवस होते.