दुसरा मजला रिकामा नाही

त्या दिवशी कत्तिरीचं ऊन होतं. मे महिन्यातल्या कडक दिवसांना चेन्नईत कत्तिरी म्हणतात. समुद्रावरचं वारं दुपार झाली तरी आलं नव्हतं. समोरच्या अण्णा सलै रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं आणि माझ्या जाळीच्या दाराला हात लावला की चटका बसत होता.

मी लिफ्ट बोलतोय. बोलतेय म्हणायला हवं, ठाऊक आहे मला. पण आमचा वॉचमन नारायणस्वामी तीस वर्षं मला अण्णा म्हणत आलाय, म्हणून मीही स्वतःला म्हातारा गडीच समजतो. त्याचं स्टूल माझ्या दाराला लागून. तोच माझा शेजारी.

शाळा मी पाहिली नाही. शून्य ते चार एवढेच आकडे येतात, कारण मजले तेवढेच. बाकी माणूस मला वजनावरून कळतो.

मला बसवलं तेव्हा रोज सकाळी माझ्यापुढे रांग लागायची. मग एकेक ऑफिस काचेच्या नव्या इमारतींत गेलं. जाताना कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही नाही. तीन रिकामा झाला, चार रिकामा झाला. एकवर विम्याचं ऑफिस उरलं आणि दोनवर कनकाबाई.

कनकाबाई तंजावरकडच्या मराठी. कान तपासतात, ऐकायची यंत्रं बसवतात. बावीस वर्षं झाली. मी मराठी शिकलो ती त्यांच्याकडूनच. रोज आत पाऊल टाकलं की म्हणणार, "चल रे बा. लोकांचे कान मी बघतें, माझे गुडघे तूं बघ."

त्यांचं काम शांततेचं. बारीक शिट्टी ऐकू आली की तपासायला आलेल्या म्हाताऱ्याने बटण दाबायचं. म्हणून तपासताना त्या पंखासुद्धा बंद करतात. एसी त्यांनी बसवलाच नाही, तो घरघरतो. खिडक्या बंद, जाड पडदे, दाराला आतून कडी. येणारा माणूस चपला दाराबाहेर काढतो, आत कोणी असल्याची तेवढीच काय ती खूण.

महिन्यापूर्वी मालक हरिप्रसाद आले. नारायणस्वामीला म्हणाले, "मुंबईची कंपनी इमारत घेतेय. मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीत कुठली ऑफिसं भरलेली, कुठली रिकामी, त्याचा तक्ता करतायत ते. आपली निम्मी भरलेली निघाली तर दुरुस्त करून ठेवतील. नाहीतर पाडतील."

"मग दोनवरच्या अम्मांचं काय, सार?"

"चारांत दोन मजले चालू आहेत. निम्मं झालं की! घाबरतोस कशाला?"

चारांत दोन. हा हिशेब मला येतो. मी निश्चिंत झालो.

आणि मग त्या कत्तिरीत कंपनीचा पोरगा मकरंद आला. समोर फुटपाथवर उभा राहून मान वर करून आमच्या भिंतीकडे बघत होता, आणि फोनवर चक्क कनकाबाईंच्या भाषेत बोलत होता! मला कोण आनंद झाला.

"अदिती, तू मुंबईत थंड हवेत बसून बोलतेस. इथे माझा पापड झालाय. हो, बेंगळुरूचा तक्ता गेला, हैदराबादचा गेला, माझाच अडलाय. आज संपवतो. एसीचं पाणी कुठून ठिबकतंय तेवढं बघायचं. या उन्हात एसी बंद म्हणजे ऑफिस बंद, सोपं आहे. इथे फक्त पहिल्यावर ठिबकतंय."

दोनवर एसीच नाही, तो ठिबकणार कुठून! नारायणस्वामी नेमका पाणी भरायला मागे गेला होता. मकरंद आत आला, चारचं बटण दाबलं, रिकाम्या हॉलचे फोटो काढले आणि परत खाली यायला निघाला.

मला हाक मारता येत नाही. थांबता येतं. मी दोनच्या जरा खाली थांबलो. दोनची फरशी त्याच्या गुडघ्याशी आली आणि तिथेच, समोर, चपलांचा जोड. शहराबाहेरच्या आवडी गावाहून एक म्हातारे आले होते. आयुष्यभर कारखान्यात यंत्राशेजारी उभं राहून कान गेलेले. त्यांच्या चपला. बघ बाळा, बघ, असं मी मनात म्हणत होतो.

तो ओरडला. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. शेवटी, "अहो, कोणी आहे का?" जाळी धडाधडा वाजवली. दहा पावलांवर, दारामागे, ही भाषा कळणारी बाई होती. पण तिने ती खोली बांधली होती बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणूनच.

दारावर पाटी होती, पण तमिळमधली. त्याला ती वाचता आली नाही.

"अदिती, लिफ्टमध्ये अडकलोय. नाही गं, हसू नकोस! दुसऱ्यावर चिटपाखरू नाही. एवढा बोंबललो, कोणी आलं नाही. जुन्या चपला तेवढ्या टाकून गेलेत. लिही, दोन, तीन, चार रिकामे. आणि लिफ्ट बंद पडते, तेही लिही."

दाखवायला थांबलो आणि मीच साक्ष देऊन बसलो. तेव्हापासून मला चैन नाही.

नारायणस्वामीने गच्चीवर जाऊन माझ्या मोटारीचं चाक हाताने फिरवलं, मला खाली आणलं. त्याने तमिळमध्ये काही विचारायच्या आत पोरगा पळालासुद्धा. त्याला अजून अकरा इमारती मोजायच्या होत्या.

काल हरिप्रसाद आले. तोंड उतरलेलं. "चारांत एक लिहिलंय त्यांनी."

"अहो, अम्मा आहेत की सार! परत बोलवा त्यांना!"

"सांगितलं रे. म्हणतात, विकणारा असंच सांगणार. सगळ्या शहरांचा तक्ता होऊन गेला. एका ओळीसाठी तो कोण उघडतो?"

कनकाबाई जिन्यापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "रिकामा? मग बावीस वर्षं मी कोण होत्यें कीं? भूत?" मग हळूच म्हणाल्या, "दुसरीकडे बघून आल्यें. सगळीकडे घरघर. शिट्टी ऐकूंच येत नाहीं. म्हातारे जातील कोठे?"

संध्याकाळी त्यांना खाली नेलं तेव्हा वजन तेवढंच होतं, पण मला पेलवलं नाही.

बाबांनो, तुम्ही शिकलेले आहात. शहरंच्या शहरं एका कागदावर मांडता. मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत. रिकामं लिहिण्याआधी एकदा दार वाजवा. उघडलं नाही तर थोडं थांबा. आत कोणीतरी कान देऊन काही ऐकत असेल.

माझ्याकडून आता काही होण्यासारखं नाही. महिनाअखेर इमारत मोकळी करायची आहे. आज सकाळी नारायणस्वामीने माझ्या रुळांत तेल घातलं, जाळीवर हात ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, अम्मांची यंत्रं खाली आणायची आहेत. तेवढं होईपर्यंत तरी दोनवर अडकू नकोस."