शंभर टक्के हजेरी

ऑनलाइन शिक्षणाविरुद्ध माझी काहीएक तक्रार नाही. आमच्या येलहंक्याच्या कॉलेजने निम्म्या वर्गखोल्या एका कोचिंग क्लासला भाड्याने दिल्या, आमचे निम्मे विषय मोबाईलवर ढकलले आणि माहितीपत्रकात त्याला 'भविष्यातलं शिक्षण' म्हटलं. भविष्य स्वतःहून राजाजीनगरला माझ्या पलंगापर्यंत येत असेल, तर मी कशाला नको म्हणू? एरवी दोन बस बदलाव्या लागायच्या.

विषय होता 'आधुनिक समाज'. बी.कॉम.च्या मुलांना तो का शिकवतात, हे विचारायची पद्धत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी आठला श्रीविद्या मॅडम पडद्यावर यायच्या आणि माणूस कसा एकटा पडत चालला आहे ते चाळीस काळ्या चौकोनांना समजावून सांगायच्या. दर दहा मिनिटांनी एक खिडकी उघडायची : 'तुम्ही आहात का?' तिच्यावर 'हो' दाबलं नाही की गैरहजर. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि वर्ष पाण्यात जातं.

म्हणून मी ते काम अम्माला दिलं. अम्मा म्हणजे माझी आई. आमचं घराणं इतक्या पिढ्या इथे आहे की आमचं मराठी कानडीत चांगलं मुरलंय. आठ वाजता ती तशीही ओट्याशीच उभी असते. तिच्याच फोनवर माझ्या नावाने वर्ग उघडला, तो रव्याच्या डब्याला टेकवला, 'हो' कुठे दाबायचं ते तिला दाखवलं आणि मी खोलीत जाऊन आडवा झालो. तिथे इअरफोन घालून मी एका यशस्वी माणसाचे व्हिडिओ दुप्पट वेगाने ऐकायचो. पहाटे पाचला उठलं की आयुष्य कसं बदलतं, हे तो सांगायचा. सव्वाआठला पांघरुणात पडूनसुद्धा मला ते पटायचं.

दुसऱ्या आठवड्यात अम्माने तक्रार केली. "ती बाई एकटीच बोलतेय रे. गुड मॉर्निंग म्हणते, कुणी ओ देत नाही. बरं दिसतं का?" मी तिला समजावलं की याला म्यूट म्हणतात आणि ही वर्गाची शिस्त आहे. ती 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली. पुढेही ती मधूनमधून मॅडमबद्दल काहीबाही सांगायला दारात यायची. मी मान हलवायचो. कानात तो पाचला उठणारा चालू असायचा.

तोंडी परीक्षेला मात्र कॉलेजात देहाने जावं लागलं. इतरांना मॅडम हजेरी क्रमांकाने बोलावत होत्या. माझं नाव त्यांनी घेतलं आणि मी आत जाताच खुर्चीतून उठल्या. आधी कॉफी मागवली. मग म्हणाल्या, तू सांगितलेल्या जिऱ्या-मिऱ्याच्या काढ्याने माझा घसा बरा झाला. मी म्हटलं, हो मॅडम. परीक्षेत मी सगळ्यालाच हो म्हणतो.

मग त्या बोलत राहिल्या. जूनमध्ये त्यांनी राजीनामा लिहून ठेवला होता. भिंतीशी बोलून पगार घ्यायची लाज वाटत होती. आणि एका गुरुवारी चॅटमध्ये माझ्या नावाने ओळ उमटली, 'तिंडी आयता, मॅडम?' नाश्ता झाला का, हे आमच्या शहरात जो तो ज्याला त्याला विचारतो, उत्तरासाठी कुणी थांबत नाही. पण मॅडमनी उत्तर दिलं होतं आणि त्यानंतर प्रत्येक तासाला देत राहिल्या होत्या. राजीनामा टेबलाच्या खणातच राहिला.

"सप्टेंबरमध्ये मी तास मध्येच बंद केला, तो तुझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "आठवतंय ना, का केला?"

प्रश्न सोपा होता. मी आत्मविश्वासाने म्हटलं, "नेटवर्क गेलं होतं, मॅडम."

मग हळू आवाजात त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील आयसीयूत होते आणि शिकवताना त्यांचा आवाज कापत होता. चॅटमध्ये फक्त मी लिहिलं होतं की क्लास राहू द्या, आधी हॉस्पिटलला जा. त्या गेल्या, म्हणून वडिलांशी शेवटचं बोलणं झालं.

मला खरंच लाज वाटली. इतकी की खोटंही सुचेना.

"कोण होतं ते?" त्यांनी विचारलं.

"माझी आई."

"आणि तू कुठे होतास?"

"शेजारच्या खोलीत."

त्यांनी यादी पुढे ओढली आणि माझी शंभर टक्के हजेरी खोडून तिथे शून्य लिहिलं. परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष पाण्यात. कॉफी आली होती, ती मात्र त्यांनी मला प्यायला लावली.

घरी परतताना दोन्ही बसमध्ये मी एकच घोकत होतो : वर्ष गेलं हे अम्माला कसं सांगायचं, आणि ती रडायला लागली तर काय म्हणायचं. दार उघडलं तर अम्मा ओट्याशी फोनवर हसत होती. घरचा नंबर कॉलेजच्या फॉर्मवर होताच. पलीकडे श्रीविद्या मॅडम होत्या आणि बोलणं सुरू होऊन तासभर झाला होता. तिचं संपेपर्यंत मी चपला न काढता दारातच उभा राहिलो.

फोन ठेवल्यावर मी घाबरत विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाल्या?"

अम्मा क्षणभर आठवत राहिली.

"तुझा विषयच निघाला नाही रे."