शिवणीच्या आतला रंग

आमचा थोरला टेम्पो आणायला गेला आणि माझं डोकं फिरलं. ह्यांची नजर गेली म्हणजे हातही गेले, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. तारा तपासायचा मीटर आणि बाकीची यंत्रं तो मागच्या खेपेला घेऊनही गेला. आता कामाचं टेबल न्यायचं होतं. तिथे पलंग टाकू, बाबा आराम करतील, म्हणे. आराम! ज्या माणसाने उभा जन्म रेडिओत डोकं खुपसून काढला, तो पलंगावर पडून नुसता झुरणार, दुसरं काय?

खरा राग मला ह्यांचाच आला होता. लेकापुढे "ने बाबा, ने" म्हणून हे मोकळे झाले होते.

"अहो, आणि पोस्टमनकाकांचा रेडिओ?" मी विचारलं. नजर शाबूत असताना ह्यांनी तो दुरुस्तीला घेतला होता.

"त्याचा पॉवर ट्रान्सफॉर्मर जळलाय. जुन्यातून दुसरा शोधायला डोळे लागतात."

"माझे घ्या."

"तुला चोक आणि ट्रान्सफॉर्मर यातला फरक तरी कळतो का?"

"नाही कळत. सांगा."

ह्यांनी आपलं स्टूल टेबलाजवळ ओढलं. मग म्हणाले, "चांगला ट्रान्सफॉर्मर ओळखता आला तर टेबल राहील. नाही तर मुकाट्याने जाऊ द्यायचं. कबूल?"

"कबूल."

मी कोपऱ्यातली, जुन्या सुट्या भागांची पेटी ओढत आणली. तिच्यातले लोखंडी धोंडे झाडताना मी आजवर काय काय बोलले असेन, ते सोडा. ह्यांनी एकेक हातात घेतला. एकाला दोनच तारा होत्या. तो चोक, म्हणून बाजूला. दुसरा हुंगून नाक मुरडलं, आतून करपलेला होता. तिसरा मात्र रेडिओतून काढलेल्या जळक्या ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवून नीट चाचपला. तेवढाच जाड, स्क्रूची भोकंही जागच्या जागी. ह्यांचा चेहराच पालटला.

"या जाड तारा रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह तापवायच्या. त्यांना घरातली वीज लावली, की जळालंच समज. बारक्यांतल्या काही मेनच्या, म्हणजे घरातली वीज घेणाऱ्या, काही हाय टेन्शनच्या, जास्त दाबाच्या. बोटांना सगळ्या सारख्याच. मीटर असता तर... बरं, रंग सांग."

मी चष्मा पुसला. "सगळ्या मातकट."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. वरचं कापडी वेष्टन पार विटलंय."

"संपलं मग." ह्यांनी ट्रान्सफॉर्मर खाली ठेवला. "तो आला की उचलू दे टेबल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्यात हातपाय गाळायचे? मी जन्मभर लोकांचे कपडे शिवलेत. विटलेल्या कपड्याला ठिगळ लावायचं, तर मूळ रंग कुठे बघायचा, हे मला कोणी सांगायला नको. थोडी शिवण उसवायची. उजेड पोचत नाही तिथे रंग टिकतो. मी माझी बारीक कात्री आणली आणि तारा जिथून बाहेर येत होत्या, तिथल्या पुठ्ठ्याची कड हलक्या हाताने उचलली.

"काय करतेस? फाडशील!"

"गप्प बसा. या दोन काळ्या. या लाल. इकडे जाड पिवळ्या, आणि या हिरव्याही जाडच."

"पुन्हा सांग," हे म्हणाले. त्यांचा तो जुना, दरडावणारा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. "काळ्या मेनच्या, लाल हाय टेन्शनच्या. हिरव्यांतून व्हॉल्व्हना वीज जाते, रेडिओच्या काट्यामागच्या छोट्या दिव्यालाही. पण सगळेच कारखाने हे रंग पाळत नसत. तपासून बघू."

मी काळ्या तारांना एकेका गाठीचा दोरा बांधला, हिरव्यांना दोन-दोन गाठींचा. गाठी चाचपून ह्यांनीच जोडणी केली. हिरव्यांना छोटा दिवा, काळ्यांना मेन, आणि मेनच्या वाटेत घरातला साधा बल्ब.

"मोठा लागलेला राहिला तर आपण चुकलो. तो विझून छोटा लागायला हवा, तोही रेडिओत लागतो तसाच. आणि खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस. लाव."

मी बटण दाबलं. मोठा बल्ब भपकन पेटला.  तोंडातून शब्द फुटण्याआधी तो मंदावत गेला आणि विझला.

"विझला हो!"

ह्यांनी बल्बजवळ तळहात धरला. बराच वेळ धरला. "हं, गार आहे. आणि छोटा? पांढरा लख्ख, की पिवळा?"

"पिवळा. रेडिओत असायचा ना, तस्साच." मला रडू आवरेना.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. थोरला बाह्या सरसावत वर आला आणि टेबलाकडे वळला.

"हात लावू नकोस," हे म्हणाले. "जा, माझा मीटर परत आण."

"आणि येताना एक खुर्चीपण आण," मी म्हटलं. "उभं राहून पाठ भरून आली माझी."

 ह्यांनी आपलं स्टूल उचललं आणि माझ्या खुर्चीपुरती जागा करून पलीकडे ठेवलं.