पृथ्वीचा भाऊ

दुसरा गोल मारल्यावर आदर्शनं सवयीनं तिसऱ्या पायरीकडं पाहिलं. पायरी रिकामी होती. हॉकी स्टेडियममध्ये त्या दुपारी दोन संघ, पंच आणि पाण्याचे जार घेऊन आलेला माणूस, एवढेच होते. जिल्हा लीगची अंतिम लढत होती. पण त्याच वेळी पेठेच्या फुटबॉल संघाचीही फायनल होती, आणि सगळं कोल्हापूर तिकडं लोटलं होतं. अण्णा आले नाहीत असं मात्र आजवर घडलं नव्हतं.

त्याचे वडील, जोतीरामअण्णा, चौदा वर्षं पगारी हॉकी खेळले. मुंबई, बेंगळुरू, चेन्नई, ज्या क्लबाशी करार होईल तिकडून. सुट्टीला आले की पेठेतले लोक विचारत, कुठं असता? हॉकी खेळतो म्हटलं की म्हणत, ते झालं, पण नोकरी कुठं? गुडघा गेल्यावर ते कायमचे परतले तेव्हा आदर्श आणि पृथ्वीराज ही जुळी, हुबेहूब दिसणारी पोरं दहा वर्षांची होती आणि त्यांना बिचकत होती. अण्णांना पोरांशी काय बोलावं ते सुचेना. त्यांनी दोघांच्या हातात स्टिक दिली आणि रोज सकाळी मैदानावर न्यायला लागले. बापलेकांची ओळख झाली ती तेवढीच.

पोरं चौदाची झाल्यावर पेठेच्या संघाचा प्रशिक्षक आकाराम घरी आला. त्याला फुटबॉलसाठी आदर्श हवा होता. दोघांत तोच चपळ होता. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आदर्शनं आकारामला सांगितलं, पृथ्वीला घ्या. आपण गेलो तर मागोमाग पृथ्वीही जाणार, मग अण्णा सकाळी कुणाला घेऊन जाणार, हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. पृथ्वीराजलाही नाही.

त्याला दहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत अण्णांनी पृथ्वीचा एकही सामना पाहिला नव्हता आणि आदर्शचा एकही चुकवला नव्हता.

दोन-एकनं जिंकून आदर्श पेठेत शिरला तेव्हा गल्ली गुलालानं लाल झाली होती. पेठही जिंकली होती. "पृथ्व्या आला!" म्हणत कोपऱ्यावरचा घोळका धावला आणि तो काही बोलायच्या आत त्याला खांद्यावर घेतलं. कुणीतरी तोंडाला गुलाल फासला. हलगी कडाडली. वरून त्याला नुसती डोकी दिसत होती, आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं. आपण पृथ्वी नाही, हे सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं नाही. वीसेक पावलं तो तसाच गेला.

मग समोरून उघड्या जीपमधून पृथ्वीराज आला. लोकांनी आदर्शला खाली ठेवलं आणि तिकडं धाव घेतली. मागं राहिलेल्या एका अनोळखी माणसानं त्याची पडलेली स्टिक उचलून दिली.

"पावणं, तुमची काठी ऱ्हायली की."

घरी अण्णा खुर्चीत बसले होते. बूट अजून पायात होते. शर्टाच्या खांद्यावर गुलाल होता.

"पृथ्वीला बघाय गेलतो," ते म्हणाले.

"बरं केलंसा."

"पार मागं हुबा हुतो. बसायला जागा न्हाय." त्यांनी गुडघा चोळला. "लई माणसं हुती, आदर्श. माझ्या चौदा वर्षांत एवढी माणसं कवा बघितली न्हाईत."

ती डोकी आदर्शनंही आत्ताच वरून पाहिली होती. अण्णा काय सांगतायत ते त्याला कळलं, आणि कळलं म्हणून रागावताही येईना.

अण्णांनी विचारलं, तुमचं काय झालं? जिंकलो, एवढंच त्यानं सांगितलं. गोल कुणी मारले ते त्यांनी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

"सकाळी सहालाच मैदानावर जायचं न्हवं?"

"उद्या तुमी झोपा, अण्णा. मी एकटा जातो."

अण्णांनी होकारार्थी मान हलवली.

मिरवणूक गल्लीत वळली तसे ते उठायला लागले, पण गुडघा साथ देईना. आदर्शनं त्यांना हात दिला. खुर्ची उचलून गॅलरीत नेली, कठड्याला टेकवून ठेवली, आणि अण्णा नीट बसल्यावर तो आत तोंडावरचा गुलाल धुवायला गेला.