मंगळवारचं पाऊल

झाकण पडलं तेव्हा चार पाळणे एकदम दचकले. पाचवा हसत होता.

दुधाच्या पातेल्याचं जड झाकण. मावशीच्या ओल्या हातातून निसटलं आणि स्वयंपाकघराच्या दगडी फरशीवर कितीतरी वेळ गरगरत राहिलं. पाळणाघरात एकच गहजब उडाला. दोन दातांची दातवाली रडली, तिचं बघून गुबगुबीत लोणी रडलं, जुळ्यांनी हात हवेत फेकून मुठी आवळल्या. सात महिन्यांचा भुंगा तेवढा आपल्या पायाचा अंगठा तोंडाकडे ओढत होता. जगात दुसरं काही काम नसल्यासारखा.

धुणंवाली दुपटं पिळता पिळता थांबली. "हा गडी दचकला नाही गं? भलताच धीराचा दिसतोय."

"झोपेत असेल."

"डोळे टक्क उघडे ठेवून?"

मावशीने झाकण उचललं, धुतलं, पुसलं आणि पुन्हा धुतलं.

भुंगा हे नाव तिनेच ठेवलेलं. तीन महिन्यांचा असताना आला तेव्हा दिवसभर गुणगुणायचा, छताकडे बघून, दुधाच्या बाटलीशी, स्वतःच्या मुठीशी. गेल्या महिन्यापासून ती गुणगुण आटत चालली होती. उन्हाळ्यात ओढा आटतो तशी; रोज थोडी, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी. पण मावशीच्या हाताखालून एवढी पोरं गेली होती की तिच्या लक्षात न येणं शक्य नव्हतं. मान कधी सावरते, नजर कधी खिळते, पालथं पडलेलं पोर पोटाखाली अडकलेला हात कधी सोडवून घेतं, सांडलेला कण दोन बोटांच्या चिमटीत कधी येतो, हे तिला कॅलेंडरपेक्षा पक्कं ठाऊक होतं. बोलणं वाढायच्या दिवसांत बोलणं आटतंय, हेही तिने ओळखलं होतं.

"सांगून टाक त्याच्या आईला," धुणंवाली म्हणाली.

"आपण सांगत नसतो. ठाऊक आहे ना तुला?"

तो नियम मावशीचाच. वीस वर्षांपूर्वी ती दुसऱ्यांची पोरं सांभाळून घरी गेली, तर जाऊबाई दारातच हसत उभ्या. "अगं, तुझी लेक चालली आज! अशी तुरुतुरु चालली, तू हवी होतीस बघायला." जाऊबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मावशी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी लेक तिच्यासमोर चालली, तेव्हा ते दुसऱ्या दिवसाचं चालणं होतं. तेव्हापासून तिने ठरवलं, की पहिलं हसू, पहिला दात, पहिलं पाऊल, इथे काहीही झालं तरी आईला सांगायचं नाही. संध्याकाळी आया विचारायच्या, "आज काही नवीन केलं का हो?" मावशी म्हणायची, "अजून नाही बाई. बघा, घरी दाखवील एखाद्या दिवशी." आया आनंदाने घरी जायच्या आणि त्यांना घरी सगळं पहिल्यांदा दिसायचं. शेकडो वेळा ती असं खोटं बोलली होती, आणि एकाही खोट्याची तिला लाज वाटली नव्हती.

भुंगा नऊ महिन्यांचा झाला. त्याची आई शिलाई कारखान्यात दिवसभर शर्टांना बाह्या लावायची. यायची तेव्हा केसांत धागे असायचे. त्या संध्याकाळी पोराला कडेवर घेऊन ती दारातच घुटमळली.

"मावशी, एक विचारू? इथे तुमच्या हाकेला बघतो का हो हा? घरी मी मागून हाक मारते, तर ढिम्म."

मावशीला झाकण आठवलं. पाळणाघराची जमीन फळ्यांची. मावशी चालत आली की फळ्या हादरायच्या आणि भुंगा मान वळवायचा, पण तो धुणंवालीच्या कडेवर असताना मावशी मागून बोलली तर नाही. अंगाई म्हणताना तो तिच्या गळ्यावर तळवा ठेवायचा. गाणं संपलं की तळवा उचलून बघायचा, कुठे गेलं म्हणून. हे सगळं तिच्या जिभेपर्यंत आलं. पण समोर ते थकलेलं तोंड होतं, केसांतले धागे होते, आणि गोड तेवढंच बोलायची वीस वर्षांची सवय होती.

"बघतो की," मावशी म्हणाली. "लबाड आहे. तुझ्याशी नखरे करतो, पोरी."

आई हसली. इतकी हलकी होऊन हसली, की मावशीला त्या रात्री झोपही लागली.

आणि आज, भुंगा तेरा महिन्यांचा असताना, ती भर दुपारी आली. केसांत धागे नव्हते.

"त्याचं सामान बांधा."

"का गं पोरी, बरं नाही का?"

"ऐकू येत नाही त्याला. दोन्ही कानांनी."

मावशी खाली बसली. दुपट्याची घडी तिच्या हातात तशीच राहिली.

"मी विचारलं होतं तुम्हाला. याच दारात. काय म्हणालात?"

"बघतो म्हटलं."

"दवाखान्यात वेळ घेतली होती तेव्हा. तुमच्या शब्दावर रद्द केली मी. ह्यांना म्हटलं, मावशींना आपल्यापेक्षा जास्त कळतं." तिचा आवाज चढला नाही. "डॉक्टर एवढंच म्हणाले, चार महिन्यांपूर्वी आणलं असतंत तर बरं झालं असतं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं."

तेवढ्यात पाळण्याचा पाय धरून उभ्या असलेल्या भुंग्याला आई दिसली. त्याने पाळणा सोडला. एक पाऊल, डुगडुगत दुसरं, मग तिसरं, चौथं, आणि तो आईच्या गुडघ्यांवर आदळला.

पिशवी तिच्या हातातून गळून पडली. क्षणभर ती सगळं विसरली. "मावशी! चालला! बघितलंत? आज पहिल्यांदाच ना?"

'होय' मावशीच्या ओठावर तयार होतं. ते तिथे नेहमीच तयार असायचं.

"मंगळवारी चालला," ती म्हणाली. "खिडकीपासून माझ्यापर्यंत."

आईच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, पण त्याला आता कुणी धनी नव्हता. तिने पोराला उचललं, पिशवी उचलली.

"हे एवढं खोटं बोलला असतात तरी चाललं असतं, मावशी."

ती निघाली. मावशी उंबऱ्यापर्यंत गेली. हाक मारण्यात अर्थ नव्हता, आणि पाय आपटून उपयोग नव्हता. त्याचे पाय जमिनीवर नव्हते. आईच्या खांद्यावरून भुंगा मागे बघत होता. गेला महिनाभर ती त्याला टाटा करायला शिकवत होती आणि तो नुसता तिचा हात धरून ठेवायचा. आज तिने आपला हात एप्रनखाली लपवला. हे तरी घरी होऊ दे, असं तिला वाटलं.

वळणाशी भुंग्याने हात वर केला. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

आई समोर बघून चालत होती.